भागीदारी अर्धी-अर्धी चालेल, निर्णय अर्धे-अर्धे नकोत



मागच्या व्हिडिओत आपण "पार्टनरबरोबर काम घ्यावं का?" हा प्रश्न घेतला होता. त्यात मी माझ्या एका फसलेल्या कामाचा ओझरता उल्लेख केला आणि पुढे गेलो. ती गोष्ट आज नीट सांगतो. पण ती एकटी सांगून उपयोग नाही. तीच चूक अब्जावधी डॉलरच्या कामात कशी दिसते आणि मोठ्या कंपन्या तिच्यावर काय उपाय करतात, हेही सांगायचंय. म्हणून आज थोडं लांब लिहितोय. चहा घेऊन बसा.

बारा लाखांचं काम आणि एक प्लायवुड

माझं हार्डवेअर आणि प्लायवुडचं दुकान आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. २०१८ मध्ये मी आणि माझा एक मित्र, आम्ही मिळून एका कोचिंग क्लासचं काम घेतलं. तीन मजल्यांची पार्टिशन, बेंच, शिवाय पँट्री आणि बाथरूममधली कपाटं. एकूण बारा लाख. मित्राकडे चार सुतार आणि कामाचा हात. माझ्याकडे माल आणि उधारी सोसायची ताकद. जोडी छान होती. बोलणी चहाच्या गाड्यावर झाली: "अर्धं तुझं, अर्धं माझं." बस्स. कागद नाही, काही नाही.

पाण्याजवळच्या कपाटांना बीडब्ल्यूपी ग्रेडचं, म्हणजे आयएस ७१० वालं प्लाय लावायचं ठरलं होतं. साइटवर गेलं एमआर ग्रेड. माल माझ्या गोडाऊनमधून गेला होता. मला वाटलं, कुठली शीट कुठे लावायची हे साइटवर मित्र बघेल. मित्राला वाटलं, पार्टनर स्वतः प्लायवुडवाला आहे, त्याने बरोबरच माल पाठवला असणार. पहिल्या पावसाळ्यात कपाटं फुगली. सगळी बदलून द्यावी लागली, एक लाख पंच्याऐंशी हजार गेले. शेवटचं बिल अडकलं ते वेगळंच. आणि आम्ही दोघं चौदा महिने एकमेकांशी बोललो नाही.

खूप दिवस मी हेच म्हणत होतो की मित्राने लक्ष दिलं नाही. मित्र हेच माझ्याबद्दल म्हणत होता. खरं कारण वेगळं होतं. प्लाय तपासायचं काम कुणाचं, हे आम्ही कधी ठरवलंच नव्हतं. नफ्याची वाटणी ठरली होती, कामावरच्या कंट्रोलची वाटणी ठरली नव्हती.

बीबीएला असताना "मॅनेजमेंट कंट्रोल" हा विषय होता. परीक्षेपुरता वाचला आणि सोडून दिला. या कामानंतर पुन्हा पुस्तकं काढली, आणि तेव्हा कळलं की या विषयावर सगळ्यात जास्त डोकेफोड कुठे झाली असेल, तर वेगवेगळ्या देशांच्या बांधकाम कंपन्या एकत्र येऊन काम घेतात तिथे.

मोठ्या कंपन्यांना पार्टनर कशाला लागतो?

लांब जायला नको. मुंबईची मेट्रो ३ बघा. आरे ते कफ परेड, साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्थानकं, त्यातली २६ जमिनीखाली. बोगदे आणि स्थानकांची कामं सात पॅकेजमध्ये वाटली होती. ती कुणी घेतली? एल अँड टीने शांघाय टनेल इंजिनिअरिंगबरोबर. एचसीसीने मॉस्को मेट्रोस्ट्रॉयबरोबर. सोमाने तुर्कस्तानच्या डोगुसबरोबर. जे. कुमारने चायना रेल्वे टनेल ग्रुपबरोबर. एका पॅकेजमध्ये तर तिघं होते: तैवानची कॉन्टिनेंटल इंजिनिअरिंग, आयटीडी सिमेंटेशन आणि टाटा प्रोजेक्ट्स. २०२४ मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूचंही तसंच. एक पॅकेज एल अँड टी आणि जपानच्या आयएचआयकडे, एक कोरियाच्या देवू आणि टाटा प्रोजेक्ट्सकडे.

कारण साधं आहे. एकाकडे शहराखालून बोगदा खणायचा अनुभव, दुसऱ्याकडे इथले मजूर, सप्लायर, परवानग्या आणि बँक गॅरंटी. टेंडरच्या अटी एकट्याने पूर्ण होत नाहीत. आपण प्लायवुडवाला आणि सुतार एकत्र आलो, ते याच कारणाने. फक्त शून्यांची संख्या वेगळी.

आता यातली एक गोष्ट नीट समजून घ्या. अशा कामात दोन पद्धती असतात. पहिली, एकत्र पद्धत: सगळ्या कंपन्यांची माणसं एकाच साइट ऑफिसात, खर्चाचं खातं एक, नफा-तोटा हिश्श्याप्रमाणे. दुसरी, वाटून घ्यायची पद्धत: हा भाग तुझा, तो माझा, ज्याने त्याने आपापला नफा-तोटा बघायचा. पण दोन्ही पद्धतींत मालकासमोर जबाबदारी सहसा एकत्रच असते. एक पार्टनर बुडाला, तर मालक दुसऱ्याकडून पूर्ण वसुली करू शकतो. म्हणजे तुम्ही "तो भाग त्याचा होता" असं म्हणून सुटत नाही.

म्हणूनच कंट्रोलचा प्रश्न येतो. नुकसान माझ्या खिशातून जाणार असेल, तर दुसऱ्याच्या कामावर माझी नजर किती असावी?

कंट्रोल म्हणजे नक्की काय?

आपल्याकडे कंट्रोल म्हटलं की "एकावन्न टक्के कुणाचे?" हाच प्रश्न. पण १९८९ मध्ये गेरिंजर आणि हेबर्ट या दोन अभ्यासकांनी या विषयाचे तीन भाग पाडले. ते मला दुकानात रोज उपयोगी पडतात.

पहिला: कंट्रोल कशाने ठेवता? करार, सही, बजेट, रिपोर्ट, आपला माणूस तिथे बसवणं, का नुसतं नातं आणि विश्वास.
दुसरा: किती ठेवता? सैल का घट्ट.
तिसरा: कशावर ठेवता? सगळ्यावर, का ठरावीक गोष्टींवर.

हा तिसरा भाग सगळ्यात कामाचा आहे. प्रत्येक गोष्टीवर हात ठेवायची गरज नसते. जिथे आपलं नुकसान होऊ शकतं आणि जिथे आपल्याला कळतं, तिथे ठेवला की पुरतं.

मग चांगलं कोणतं, एकाच्या हातात सगळं का दोघांच्या? किलिंग नावाच्या अभ्यासकाने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ३७ जॉइंट व्हेंचर तपासली. त्याचं म्हणणं, जिथे एक पार्टनर स्पष्टपणे चालवतो, तिथे काम जास्त सुरळीत चालतं, कारण दोघांनी मिळून चालवायचं म्हटलं की निर्णय अडकतात. पुढे बीमिश या अभ्यासकाने विकसनशील देशांतली उदाहरणं पाहिली, तेव्हा चित्र उलटं निघालं. तिथे परदेशी कंपनीने सगळं आपल्या हातात घेतलं की कामगिरी खालावत होती, कारण स्थानिक माणसाला जे माहीत असतं ते वाया जात होतं. मग २००४ मध्ये त्याच बीमिशने चोई यांच्याबरोबर कोरियातल्या जॉइंट व्हेंचरचा अभ्यास केला. त्यात पुढे आलेला मार्ग असा: ज्याला ज्यातलं कळतं, त्याच्या हातात तेवढं पूर्ण द्या. कंट्रोल विषयानुसार वाटून टाका.

बांधकामवाले हे आधीपासून करतायत. जर्मनीत कंपन्या एका कामापुरत्या एकत्र येतात, त्या व्यवस्थेला "आर्गे" म्हणतात. त्यात तांत्रिक व्यवस्थापन एका कंपनीकडे आणि हिशेब-कंत्राटाची बाजू दुसऱ्या कंपनीकडे द्यायची जुनी रीत आहे. काम कसं करायचं हे एकजण ठरवतो, पैशाचा हिशेब दुसरा ठेवतो. दोघांच्या वर प्रत्येक कंपनीच्या प्रतिनिधींची एक समिती. रोजचं काम तिच्यापर्यंत जात नाही, मोठे प्रश्न जातात.

आमच्या चहाच्या गाड्यावरच्या "अर्धं-अर्धं"मध्ये काय राहिलं होतं, ते मला इथे दिसलं. आम्ही दोघं सगळ्याचे अर्धे मालक होतो, त्यामुळे कशाचाच पूर्ण मालक कुणी नव्हतं.

समुद्राखाली हातमिळवणी, जमिनीवर भांडण

इंग्लंड आणि फ्रान्सला जोडणारा चॅनल टनेल तुम्हाला माहीत असेल. पन्नास किलोमीटरहून लांब. बांधायला पाच ब्रिटिश आणि पाच फ्रेंच कंपन्या एकत्र आल्या, नाव ट्रान्समॉन्श लिंक. ब्रिटिश त्यांच्या किनाऱ्याकडून खणत आले, फ्रेंच त्यांच्या. १ डिसेंबर १९९० ला समुद्राखाली दोघं भेटले, तेव्हा दोन्ही बाजूंमधला फरक अर्ध्या मीटरपेक्षाही कमी होता. जिथे जबाबदारी स्पष्ट वाटलेली होती आणि मोजमाप एकच होतं, तिथे दोन देश, दोन भाषा असूनही गाठ बसली.

भांडण झालं ते दुसऱ्याच ठिकाणी. कंत्राट १९८६ मध्ये झालं, तेव्हा बांधणाऱ्या कंपन्याच टनेलच्या मालक कंपनीच्या संस्थापकांमध्ये होत्या. म्हणजे काम देणारे आणि घेणारे, टेबलाच्या दोन्ही बाजूंना बरीचशी तीच माणसं. पुढे मालक कंपनी युरोटनेल वेगळी झाली, शेअर बाजारात गेली, आणि हितसंबंध बदलले. बोगद्यात नंतर वाढवलेल्या कूलिंग सिस्टिमच्या पैशांवरून वाद पेटला. पैसे द्या नाहीतर ते काम थांबवतो, इथपर्यंत कंत्राटदार आले. प्रकरण ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत, हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं. टनेल १९९४ मध्ये सुरू झाला, खर्च ठरल्यापेक्षा सुमारे ८० टक्के जास्त.

यातून घेण्यासारखं एवढंच: वाढीव कामाचं काय करायचं, हे वाद सुरू व्हायच्या आधी ठरलेलं असावं. आपल्याकडे गिऱ्हाईक म्हणतं, "एक कपाट इथे पण करा ना." आपण "हो हो" म्हणतो. भांडण तिथेच पेरलं जातं.

पनामा: सगळ्यात कमी रेट आणि पुढची अकरा वर्षं

आता मुख्य गोष्ट. पनामा कालवा १९१४ मध्ये सुरू झाला. जहाज एका बाजूने पाण्याच्या पायऱ्या चढतं, वर गाटून तलावात जातं आणि पलीकडे तशाच पायऱ्या उतरतं. या पायऱ्या म्हणजे लॉक, मोठी दारं लावलेले काँक्रीटचे प्रचंड हौद. जुने हौद साडेतेहतीस मीटर रुंद. जहाजं मोठी होत गेली, हौद अपुरे पडायला लागले. २००६ मध्ये पनामाच्या लोकांनी मतदान करून नवीन, मोठे हौद बांधायला मान्यता दिली. नवीन हौद ४२७ मीटर लांब, ५५ मीटर रुंद. अटलांटिकच्या बाजूला तीन, पॅसिफिकच्या बाजूला तीन.

२००९ मध्ये टेंडर उघडली. मालकाने, म्हणजे पनामा कालवा प्राधिकरणाने, ३.४८१ अब्ज डॉलर बाजूला ठेवले होते. तीन गट आले. एकाचा आकडा ५.९८१ अब्ज. अमेरिकेची बेक्टेल आणि तिचे जपानी साथीदार ४.१८५ अब्ज. आणि तिसरा गट ३.११८ अब्ज. हा तिसरा गट म्हणजे स्पेनची साकिर, इटलीची इंप्रेजिलो, बेल्जियमची यान दे नुल आणि पनामाचीच कुसा. रेट सगळ्यात कमी, आणि तांत्रिक गुणही सगळ्यात जास्त. काम त्यांना मिळालं.

दुसऱ्या नंबरपेक्षा एक अब्ज डॉलरहून कमी! तुम्ही कोटेशन देता आणि समोरचा तुमच्यापेक्षा चौथाईने कमी देतो, तेव्हा तुमच्या मनात काय येतं? दोनच गोष्टी. एकतर त्याला काहीतरी माहीत आहे जे मला माहीत नाही, किंवा मला काहीतरी माहीत आहे जे त्याला माहीत नाही.

अडचण सुरू झाली काँक्रीटपासून. चाळीस लाख घनमीटरहून जास्त काँक्रीट लागणार होतं, आणि करारात अट होती ती शंभर वर्षं टिकण्याची. खारं पाणी आत झिरपून सळई गंजू नये, यासाठी कडक चाचणी होती. कंत्राटदारांनी दिलेलं मिश्रण मालकाने बरेच महिने मंजूर केलं नाही. कंत्राटदार म्हणाले, साइटवर मिळणारा बेसाल्ट दगड आम्हाला सांगितलं होतं तसा नाही. मालक म्हणाला, तपासून रेट द्यायचा होता. काम मागे पडत गेलं.

३० डिसेंबर २०१३ ला कंत्राटदारांनी नोटीस दिली: १.६ अब्ज डॉलरच्या वाढीव खर्चाचा प्रश्न २१ दिवसांत सोडवा, नाहीतर काम बंद. स्पेनच्या मंत्रीबाई मध्यस्थीला पनामाला गेल्या. तरी फेब्रुवारी २०१४ मध्ये काम दोनेक आठवडे थांबलंच. शेवटी तोडगा निघाला. मालकाने १० कोटी डॉलर घालायचे, कंत्राटदारांनी तेवढेच, आणि कामाच्या हमीसाठी असलेल्या ४० कोटींच्या बाँडचा आधार घेऊन आणखी पैसे उभे करायचे. पूर्ण कोण बरोबर, हा वाद लवादाकडे.

ऑगस्ट २०१५ मध्ये पॅसिफिकच्या बाजूच्या एका लॉकमध्ये पाणी भरून चाचणी चालू असताना काँक्रीटमधून पाणी झिरपताना दिसलं. तपासणीत आढळलं, ताण येणाऱ्या त्या जागी सळई पुरेशी नव्हती. पुन्हा दुरुस्ती. २०१४ मध्ये, कालव्याच्या शंभराव्या वर्षी पुरं व्हायचं काम २६ जून २०१६ ला सुरू झालं. आणि काँक्रीट-बेसाल्टच्या वादात कंत्राटदारांना आधी जी रक्कम मंजूर झाली होती, त्यातले सुमारे २४ कोटी डॉलर परत करा, असा निकाल २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने दिला. टेंडर २००९, हा निकाल २०२०. अकरा वर्षं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. नवीन कालवा आज चालतो, मोठी जहाजं त्यातून जातात, हौदांशेजारच्या टाक्यांमुळे प्रत्येक वेळचं ६० टक्के पाणी पुन्हा वापरलं जातं. अभियांत्रिकी म्हणून ते मोठं काम आहे. पण धंदा म्हणून बघा. काम उत्तम उभं राहिलं आणि बांधणारे वर्षानुवर्षं वादात अडकले, असंही होऊ शकतं.

"काम चांगलं झालं" म्हणजे कुणासाठी?

इथे परफॉर्मन्सचा प्रश्न येतो. मालकाचं मोजमाप: वेळेत, दर्जेदार, ठरलेल्या पैशात. एका पार्टनरचं मोजमाप: नफा. दुसऱ्याचं: या कामाच्या अनुभवावर पुढचं मोठं टेंडर. तिसऱ्याचं: परदेशी तंत्र शिकायला मिळालं का. तुर्की बांधकाम कंपन्यांच्या जॉइंट व्हेंचरवर झालेल्या अभ्यासांतही हेच आहे, की एकट्या नफ्याच्या आकड्यावर यश मोजता येत नाही. प्रकल्प कसा झाला, पार्टनर समाधानी आहेत का, भागीदारी चालवली कशी, हे वेगवेगळं बघावं लागतं.

आमच्या कामात काय होतं? मला ते काम कमी रेटने हवं होतं, कारण क्लासमध्ये रोज शेकडो पालक येणार, दुकानाचं नाव होणार. मित्राला नवीन कटिंग मशीनसाठी रोख पैसे हवे होते. मी जाहिरातीसाठी रेट पाडला, मित्र नफ्याच्या आशेने राबला. दोघांनी एकमेकांना हे कधी सांगितलंच नाही. मग मित्र प्रत्येक ठिकाणी खर्च वाचवायला लागला आणि मला ते कंजूषपणा वाटायला लागलं.

आता तुमच्यासाठी: काम घ्यायच्या आधी हे करा

एक. दोघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहा, "मला या कामातून काय हवंय." मग कागद अदलाबदल करा. यात अर्धी भांडणं आधीच बाहेर येतात.

दोन. निर्णयांची यादी करा आणि प्रत्येकापुढे एकच नाव लिहा. मालाची खरेदी आणि ग्रेड: अमुक. साइटवरची माणसं आणि रोजचं काम: तमुक. गिऱ्हाईकाशी बोलणं: एकच जण. बिल आणि बँक: एक जण, पण दुसऱ्याला रोज दिसेल असं. नावासमोर "दोघं" लिहायची सूट फक्त तीन-चार मोठ्या गोष्टींना: रेट कमी करणं, वाढीव काम घेणं, कर्ज काढणं, काम थांबवणं.

तीन. दर्जा तपासणारा माणूस माल पाठवणाऱ्यापेक्षा वेगळा ठेवा. माल मी पाठवला तर शिक्का मित्राने बघायचा, फोटो ग्रुपवर टाकायचा, मगच शीट कापायची. दोन मिनिटांचं काम आहे. आमचे एक लाख पंच्याऐंशी हजार वाचले असते.

चार. दर शनिवारी एक हिशेब. "किती खर्च झाला" एवढं बघून भागत नाही, "किती काम झालं" हे शेजारी लिहा. आमच्याच कामाचं उदाहरण घेऊन सांगतो. काम बारा लाखांचं, खर्चाचा अंदाज दहा लाख. समजा पाच लाख खर्च झाले. वाटतं, बरोबर निम्म्यावर आहोत. पण काम चाळीस टक्केच झालं असेल तर? पाच लाखांत चाळीस टक्के, म्हणजे पूर्ण व्हायला साडेबारा लाख. तुम्ही पन्नास हजार तोट्यात चालला आहात आणि बँकेत पैसे दिसतात म्हणून खूश आहात. हे अर्ध्यावर कळलं तर काहीतरी करता येतं. शेवटी कळलं तर फक्त भांडता येतं.

पाच. अडलं तर कुणाकडे जायचं, हे आधीच ठरवा. दोघांनाही मान्य असलेला एखादा जाणता माणूस, सीए, जुना व्यापारी, कुणीही. मोठ्या कंत्राटांत यासाठी वाद निवारण मंडळ असतं. आपल्याला एक काका पुरतात, पण नाव आधी लिहिलेलं हवं.

कायदा काय म्हणतो, तेही बघा

"आमची कुठे फर्म आहे, एका कामापुरतं तर एकत्र आलो," असं खूप जण म्हणतात. भारतीय भागीदारी कायदा, १९३२ वाचा. कलम ८ प्रमाणे एका विशिष्ट कामापुरतीसुद्धा भागीदारी होऊ शकते. कलम २५ प्रमाणे फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार एकत्र आणि एकेकटाही जबाबदार असतो. म्हणजे पनामावाल्यांना लागू होणारं तत्त्व तुमच्या चहाच्या गाड्यावरही आहे.

आणखी तीन गोष्टी. वेगळं ठरलं नसेल तर कलम १३ प्रमाणे नफा-तोटा समान, आणि काम केल्याबद्दल वेगळा पगार नाही. एक जण रोज साइटवर राबतो आणि दुसरा आठवड्यातून एकदा येतो, तरीही! कलम १२ प्रमाणे हिशेबाची वही बघायचा हक्क प्रत्येक भागीदाराला आहे. त्याच कलमात साध्या बाबींवरचा मतभेद बहुमताने सोडवायचा असं म्हटलंय. आता सांगा, दोनच पार्टनर असतील तर बहुमत कुठून आणणार? म्हणून निर्णयापुढे एक नाव लिहायचं.

फर्मची नोंदणी नसेल तर कलम ६९ मुळे करारातल्या हक्कासाठी पार्टनरवर किंवा गिऱ्हाईकावर दावा लावताना मोठी अडचण येते. सतत एकत्र काम करणार असाल तर नोंदणी करा, किंवा सीएला विचारून एलएलपीचा पर्याय तपासा.

शेवटी मित्राचं काय झालं?

चौदा महिन्यांनी एका लग्नात समोरासमोर आलो. जेवणाच्या पंगतीत शेजारी बसवलं होतं, उठून जाता येईना. मित्रच म्हणाला, "प्लाय मी बघायला हवं होतं." मी म्हणालो, "पाठवताना मीच बघायला हवं होतं." खरं तर दोघांचंही बरोबर होतं, आणि म्हणूनच ते कुणीच बघितलं नव्हतं.

त्यानंतर आम्ही सात कामं एकत्र केली. सगळी नफ्यात गेली असं नाही, एकात हात पोळले. पण भांडण झालं नाही, कारण तिसऱ्या शनिवारीच हिशेबात दिसलं होतं, आणि रेट ठरवणं माझ्याकडे होतं म्हणून चूक कुणाची यावर चर्चाच नव्हती. माझी होती. मी मान्य केली, पुढच्या कामाला रेट नीट काढला.

आमचा करार आजही एकाच पानाचा आहे. डावीकडे निर्णय, उजवीकडे नाव, खाली दोघांच्या सह्या. त्यात नफ्याची ओळ सगळ्यात शेवटी आहे. तुमचं पार्टनरबरोबर काम चालू असेल तर आज रात्री ते एक पान लिहून बघा. ज्या निर्णयासमोर नाव लिहिताना पेन अडखळेल, उद्याच्या चहाला पार्टनरशी त्याच गोष्टीवर बोला.

भेटू पुढच्या व्हिडिओत. त्यात वाढीव कामाचं बिल गिऱ्हाईकाकडून न भांडता कसं मंजूर करून घ्यायचं, ते बघू.